दोन बोटं

४ मार्च, मंगळवार

डिकीत एक खोका सापडला. स्टेपनीच्या बाजूला, तिच्या जुन्या शालीत गुंडाळून ठेवलेला. वर शर्यतीच्या गाडीचं चित्र, चाकांतून ज्वाळा निघताहेत. आत गिअरचा नवा दांडा, दोन पांढरे बुश, चार लांब स्क्रू, ग्रीसची पुडी आणि घडी घातलेला कागद. शॉर्ट शिफ्ट किट. म्हणजे हे बसवलं की गिअर टाकताना दांडा कमी हलतो, हाताला कमी जावं लागतं. शर्यतीची हौस असलेली पोरं बसवतात म्हणे.

ती एक्कावन्न वर्षांची होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. तिला हे कशाला हवं होतं?

ती जाऊन आज सहा आठवडे झाले.

५ मार्च

लेकीचा फोन. "बाबा, गाडीचं काय ठरवलंस? तू चालवत नाहीस. नुसती उभी राहून सडेल."

बरोबर आहे तिचं. माझ्याकडे लायसन आहे, गाडी चालवता येत नाही. अठरा वर्षांपूर्वी शेवटचं स्टिअरिंग धरलं असेल. घरात एक ड्रायव्हर पुरतो असं आमचं ठरलेलंच होतं, न बोलता.

खालची सिस्टर मागे विचारून गेली होती. दुसऱ्या मजल्यावर राहते, हॉस्पिटलात नर्स आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी हिच्याच हाताखाली गाडी शिकली. "भाऊजी, कधी विकायची झालीच तर परक्याला देऊ नका. मॅडमच्या हातातली गाडी आहे." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तिनेच घ्यावी.

पण खोका?

६ मार्च

लॅबमध्ये आज चार वजनकाटे तपासले. एक सोनाराचा, तीन औषधवाल्यांचे. तीस वर्षं हेच करतोय — दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणायचे. एकही शेरा मारावा लागला नाही. कुणाशी बोलावंही लागलं नाही. डबा खाताना शेजारचा म्हणाला, "तुम्ही आजकाल फार शांत असता." मी आधी कधी बडबड्या होतो?

८ मार्च, शनिवार

खोका घेऊन मिस्त्रीकडे गेलो. आमची गाडी चौदा वर्षं तोच बघतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो आणि मूठ कानाला, मग डोळे मिटून ऐकतो. मला पाहून उठला. हात पुसले, पुन्हा पुसले. मग ओरडूनच बोलला, "बसा की साहेब, उभे काय!"

खोका दाखवला.

"हा? हा मीच मागवून दिलाय. ताई स्वतः आल्या होत्या, डिसेंबरात. मी म्हटलं, ताई, या म्हातारीला आता बाशिंग कशाला बांधताय? हे पोराटोरांचे चोचले. तर ऐकायलाच तयार नाहीत. म्हणाल्या, दोन बोटं कमी झालं की पुरे."

"दोन बोटं?"

"दोन बोटं! मी म्हटलं, ताई, कंपनी बोटांत माप देत नसते. म्हणाल्या, ते तू नको बघू, माझ्या घरी मोजमापवाला माणूस आहे. बसवून देऊ का विचारलं. नको. घरचाच बसवेल."

माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला बोलल्या नव्हत्या?"

नाही म्हणालो.

"मग द्या इकडे. तासाभराचं काम आहे."

खोका परत घेतला. घरचा बसवेल म्हणाली ना. बसवतो.

"साहेब, तुम्ही? कधी पाना धरलाय?"

"मायक्रोमीटर धरलाय."

"बोंबला," म्हणाला. आणि दहा-बाराचे पाने, पकड आणि एक सपाट पट्टी पिशवीत घालून दिली. "अडलं तर या. अडणारच आहे."

९ मार्च, रविवार

कागदाशी खोटं बोलून उपयोग नाही. लिहून टाकतो.

घर ते लॅब अकरा सिग्नल. ती मला सोडून पुढे स्कूलला जायची. मी सहा फूट एक इंच, गाडी छोटी. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे नेली तरी माझा उजवा गुडघा मधे यायचा. सिग्नल सुटला की ती पहिला गिअर टाकायची, दांडा पुढे यायचा आणि तिची मूठ माझ्या गुडघ्यावर. म्हणून टाकायच्या आधी ती म्हणायची — "गुडघा!" मी गुडघा काढायचा. कधी मी वेळेवर काढायचो, कधी ती म्हणायला विसरायची. चौदा वर्षं. त्यातली तेरा वर्षं हसण्यावारी गेलं.

मागच्या पावसाळ्यात गुडघा सुजला. डॉक्टर झीज झालीय म्हणाले. ऑगस्टमधला एक दिवस. सातव्या सिग्नलला जोरात लागलं. मी ओरडलो. "चौदा वर्षं मार खातोय! शेजारी माणूस बसलाय हे तुला कळतच नाही." तिने दुसरा गिअर टाकला. दुसऱ्या दिवशी मी मागचं दार उघडून मागे बसलो.

ती आरशात बघून म्हणाली, "टॅक्सी करून टाकलीस माझी."

मी वर्तमानपत्र उघडलं.

वाटलं होतं, गुडघा बरा झाला की पुढे जाऊ. सप्टेंबरात बरा झाला. पण मग पुढे कसं जायचं? तिने "ये पुढे" म्हणायला हवं होतं असं मला वाटत होतं. तिला वाटत असेल मी आपणहून यावं. मागे बसून वाचायची सवय लागली. तिचे नुसते डोळे दिसायचे, आरशात. ते रस्त्यावर असायचे.

पाच महिने.

शेवटच्या दिवशी लॅबपाशी उतरलो. "येतो," म्हणालो. ती म्हणाली, "दार नीट लाव." अकरा वाजता स्कूलमधून फोन आला. दोन शिकवण्यांच्या मधे खुर्चीत बसली ती बसलीच. मेंदूत रक्तस्राव.

दार नीट लागलं होतं का ते मला आठवत नाही.

१० मार्च

काल लिहिलेलं वाचलं नाही. पान उलटलं.

१२ मार्च, बुधवार

खोक्याचा विचार डोक्यातून जात नाही. मी असा अर्थ लावतो — मी मागे गेलो. शेजारची जागा मोकळी झाली. तिला वेगाने चालवायची आवड होतीच, "कुणाच्या मागे राहणं मला जमत नाही" हे तिचं पालुपद. मग तिने ठरवलं, आता गाडी माझ्या एकटीची, माझ्या हाताला सोयीची करून घेते. हात लहान होता तिचा. दोन बोटं कमी म्हणजे तेवढाच हात कमी लांबवावा लागला असता.

यात तिचं काही चुकलं असं नाही.

पण मग "घरचाच बसवेल" का म्हणाली? मला मागे बसवून वर मलाच कामाला लावायचं होतं? हेही तिला शोभलं असतं. नाही, मागे तिने बसवलं नव्हतं. मीच बसलो.

१५ मार्च, शनिवार

सकाळी नऊला खाली पार्किंगमध्ये. आधी मोजून घेतलं. पट्टी, खडू, वही. न्यूट्रलपासून पहिल्या गिअरपर्यंत दांड्यावरचा नॉब ७५ मिलिमीटर पुढे जातो. न्यूट्रलपासून दुसऱ्यापर्यंत तेवढाच मागे. तीनदा मोजलं.

मग नॉब. उलटा फिरवला की निघायला हवा. निघेना. मूठ आवळली तर माझा पंजा त्यावर मावेना. त्यावर गिअरचे आकडे आहेत. २, ३, ४, ५ नीट दिसतात. १ जवळजवळ पुसला गेलाय.

फडकं गुंडाळून जोर लावल्यावर निघाला. फडक्याने पुसायचा नव्हता. तसाच खिशात ठेवला.

पार्किंगमधला दिवा माणूस हलला तरच पेटतो. मी वाकून काम करत होतो तर दर तीन मिनिटांनी अंधार. दिव्याच्या मते तिथे कुणी नव्हतं. मग दर वेळी हात वर करून हलवायचा. लिफ्टमधून सिस्टर उतरली, ड्यूटीला निघालेली. मी गाडीत आडवा आणि एक हात हवेत.

"भाऊजी! कुणाला टाटा करताय?"

दिवा दाखवला.

"अहो, मग त्याच्याशी बोलत जा. जरा घरातल्या भिंतींना तरी आराम मिळेल." आणि मग लगेच, "चहा पाठवू का?"

नको म्हणालो. का नको म्हणालो ते माहीत नाही. हवा होता.

१६ मार्च, रविवार

गिअरभोवतीचं प्लास्टिकचं आवरण काढलं. दोन स्क्रू पुढे, दोन मागे, एक लपलेला — त्यात पाऊण तास गेला. खाली काय काय निघालं! केसांच्या पिना अकरा. खडूचा तुकडा, पेनाचं टोपण, पेपरमिंटचे कागद, माझ्या राखाडी शर्टाचं बटण. ते बटण ती दोन महिने शोधत होती. "पाय फुटले का त्याला?" शेवटी सगळीच बटणं बदलली होती.

पिना बशीत काढून ठेवल्या. बटणही.

दांड्याच्या बुडाला दोन केबल जोडलेल्या असतात. एक पुढेमागे नेणारी, एक आडवी. क्लिप काढायची पकड हातातून सुटली, अंगठ्याच्या नखाखाली रक्त. बाकी काही नाही. चार नट सैल करून अख्खी बैठक बाहेर काढली. जुना दांडा खालून गोळ्यावर बसलेला, त्याचं ग्रीस काळं आणि घट्ट. चौदा वर्षांचं. घासलेटाने धुतलं.

जुना आणि नवा दांडा शेजारी ठेवले. गोळ्याच्या खालची बाजू नव्याची लांब, वरची आखूड. तरफेचा साधा नियम. खाली जास्त सरकलं की वर कमी हलवावं लागतं. शाळेत शिकलो होतो. तिला समजावून सांगितलं असतं, तर म्हणाली असती, "हो का? मला वाटलं जादू."

१७ मार्च, सोमवार

रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "गाडीचं काम" म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू मी खोटं बोलतोय आणि त्यांना ते समजतंय.

नवा दांडा बसवला. बुश बसले. केबल जोडल्या. आता शेवटचं काम — दांडा बरोबर मधे, सरळ उभा करायचा आणि तसा धरून केबलींची टोकं आवळायची. म्हणजे हा शून्य. इथून सगळे गिअर मोजले जाणार. शून्य चुकला की सगळं चुकलं. हे मला कुणी शिकवायला नको.

लॅबमधली पाणसळ आणली होती. तिच्यातला बुडबुडा केसभरही खोटं बोलत नाही. दांड्याला लावली, बुडबुडा अगदी मधे आणला, आवळलं. दुसऱ्यांदा बघितलं. मधे.

पहिला टाकला. अर्धवट गेला, हात सोडला तर बाहेर आला. तिसरा तसाच. दुसरा आणि चौथा इतके आत की दांडा बैठकीला घासतो. पुन्हा पाणसळ. पुन्हा मधे. पुन्हा तेच! पाच वेळा केलं. दिवा किती वेळा विझला कोण जाणे.

मग स्टिअरिंगपाशी बसून राहिलो. तिच्या सीटवर. पाय मावेनात. सीट मागे घ्यायला खालचा दांडा ओढला आणि मग सोडून दिला. ती खाच तिची आहे.

पाय दुमडून बसलो. दिवा विझला. हात हलवला नाही.

१८ मार्च

ताप नाही पण अंग मोडल्यासारखं. लॅबला गेलो. परत येताना बस. बसमध्ये कुणी "गुडघा" म्हणत नाही, नुसते ढकलतात.

२० मार्च, गुरुवार

मिस्त्री दुकान बंद करून घरी जाताना पार्किंगमध्ये डोकावला. मी बोलावलं नव्हतं. "म्हटलं, बारा दिवस झाले, माणूस आला नाही. म्हणजे एकतर जमलं, नाहीतर रुसला."

दांडा हलवून बघितला. "कशाने उभा केलात?"

"पाणसळीने."

"कशाने?"

पाणसळ दाखवली. तो खाली बसला आणि असा हसायला लागला की वरच्या गॅलरीतून कुणीतरी वाकून बघितलं.

"साहेब! अहो, ही जमीन बघा. पाणी वाहून जायला उतार दिलाय. गाडी उतारावर उभी, नाक वर. आणि तुम्ही दांडा आभाळाकडे सरळ केलात! गाडीला काय करायचंय आभाळाशी? तिच्या अंगाला जे सरळ, तेच तिचं सरळ. तिचं उभं वेगळं, तुमचं उभं वेगळं."

बैठकीच्या बाजूला बारीक भोक होतं. त्यात पाच मिलिमीटरची सळई घातली की दांडा अडकतो आणि तीच मधली जागा. कागदावर लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. मला पाणसळ जास्त भरवशाची वाटली.

"तीस वर्षं काटे तपासता ना हो?" म्हणाला.

"काटा आधी सपाट जागी ठेवतो," मी म्हणालो.

पुन्हा हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "ताई असत्या तर त्यांनी मला वर्षभर हे ऐकवलं असतं. पाणसळ घेऊन बसलात म्हणून तुम्हालाही ऐकवलं असतं." दिवा विझला. दोघांनी एकदमच हात वर केला.

हे काम त्यानेच करावं म्हटलं तर त्याने हात मागे घेतले. "छे. घरचाच बसवणार म्हणाल्यात. मी नुसती बॅटरी धरतो."

सळई घातली. आवळलं. सळई काढली. पहिला — खट्. बसला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स. प्रत्येक खट्.

"झालं की, मोजमापवाले!"

२२ मार्च, शनिवार

नॉब परत लावला, तसाच न पुसता. मोजलं. न्यूट्रल ते पहिला — ४५ मिलिमीटर. आधी ७५. फरक ३०.

दोन बोटं म्हणाली होती. माझी दोन बोटं जवळ धरून व्हर्निअरने मोजली. ३८. म्हणजे जुळत नाही. मग लक्षात आलं, तिने तिची धरली असणार.

तिची तीस असतील. पडताळायला आता माझ्याकडे काही नाही.

वहीत लिहिलं: मागणी दोन बोटं, मिळाली दोन बोटं. काम पूर्ण.

२३ मार्च

काम संपल्यावर काय करायचं असतं?

पिना अजून बशीत आहेत.

२४ मार्च, सोमवार

लेकीला सांगितलं, किट बसवलं. "तू? स्वतः?" मग म्हणाली, "आईने मला नोव्हेंबरमध्ये विचारलं होतं बाबा. असं काही मिळतं का, कुठलं चांगलं. मी म्हटलं, म्हातारपणी रेसर होतेस का? तर म्हणाली, हो."

बघा. म्हणजे वेगासाठीच. मी लावला तोच अर्थ.

"मग आता विकतोयस?"

हो म्हणालो. अर्धवट काम ठेवून गाडी द्यायची नव्हती, आता पूर्ण झालंय. तिची हौस तिच्या गाडीत आहे. सिस्टरला तरी उपयोग होईल, तिचाही हात लहानच.

"तू बरा आहेस ना?"

बरा आहे.

२६ मार्च, बुधवार

सिस्टरला सांगितलं. लिफ्टपाशीच. तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "नक्की ना भाऊजी? मागाहून रडायचं नाही हं. म्हणजे रडा, पण माझ्यासमोर नको, मलाही येतं."

रविवारी सकाळी चालवून बघणार. मी बरोबर यायचं असं तिचं म्हणणं. "मॅडम नाहीत, कुणीतरी शेजारी लागेल. एकटीने नवी गाडी काढायला मी अजून घाबरते. त्यांनी शिकवलं तस्संच सगळं करते मी, एक अक्षर बदलत नाही. पण शेजारी कुणीतरी लागतंच."

रविवारी येतो म्हणालो. मागे बसेन.

२९ मार्च, शनिवार

गाडी धुतली. डिकी रिकामी केली. शाल वर आणली. खोका आणि जुना दांडाही. जुना दांडा जड आहे. कुठे ठेवावा कळेना, सध्या टेबलावर, वह्यांवर.

कागद काढून ठेवले सह्यांसाठी. उद्याच देऊन टाकावं.

आतून मागची सीट पुसताना पुढच्या सीटच्या पाठीवर माझ्या वर्तमानपत्राची शाई दिसली. घासून निघाली नाही.

३० मार्च, रविवार

मागचं दार उघडलं तर सिस्टर ओरडली, "मागे काय बसताय! मी काय टॅक्सीवाली आहे?" पुढे जाऊन बसलो. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

तिने क्लच दाबला, दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गुडघा!"

मी गुडघा काढला. आपोआप. मग तिच्याकडे बघितलं.

"सवय हो. मॅडम शेजारी बसायच्या ना, मी पहिला टाकला की म्हणायच्या — गुडघा! त्यांच्या गुडघ्यापर्यंत माझा हात पोचायचाही नाही. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाल्या, शेजारी माणूस बसलाय हे विसरायचं नाही. आम्ही त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्या म्हणतो."

पहिल्या सिग्नलला गुडघा मुद्दाम काढला नाही. जिथे असतो तिथेच ठेवला. तिने पहिला टाकला. नॉब पुढे आला आणि गुडघ्याच्या अलीकडेच थांबला. मधे बोटं घालून बघितली. माझी दोन मावत नव्हती. जिने माप सांगितलं, तिची मावली असती.

अकरा सिग्नल गेलो. अकरा वेळा ती म्हणाली.

सह्यांचे कागद खिशातच राहिले. सिस्टरला नाही म्हणून सांगितलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, "मग उद्यापासून तुम्हाला शिकवू का?" हो म्हणालो.

उतरून दार लावलं. पुन्हा उघडलं. नीट लावलं.